एका चुलीचं कॉलेज

आमच्या मोठ्या बाईंना कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागे. कानाने त्या चांगल्या तिखट होत्या. ओसरीवर बसून मागच्या परसात कोंबडी कुठे शिरली ते सांगत. तरी समोरच्याचं बोलणं पुरं झालं की मान वर करून म्हणत, "पुन्ना बोल." मग ती शाळेतली पोर असो, तलाठी असो, नाहीतर ठाण्याहून आलेले तपासनीस असोत. माणूस पहिल्यांदा बोलतो ते घरून ठरवून आणलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्यांदा बोलताना त्यातलं थोडं गळतं. "काय गळलं तेवढं बघायचं," त्या मला म्हणाल्या होत्या. "बाकीचं आइकलं नाय तरी चालतं."

तानसा तलावाच्या बाजूच्या एका गावात मुलींची शाळा होती. तिथे मी शिकवायला गेले तेव्हा त्या आधीपासून होत्या. गावाने लगेच त्यांना मोठ्या बाई आणि मला धाकल्या बाई करून टाकलं. मी मुरबाडकडच्या शेतकरी घरातली, त्या सिद्धगडाच्या पायथ्याच्या. मी नऊवारी इस्त्रीच्या घडीची नेसायची, त्या खादीचं जाडंभरडं लुगडं गुडघ्याखाली जेमतेम येईल असं. आणि काखेत पाट. जेवायला बसायचा साधा लाकडी पाट. शाळेत, बाजारात, तालुक्याच्या कचेरीत, जातील तिथे तो त्यांच्या काखेत असे. कोणी खुर्ची पुढे केली तरी पाट टाकून खाली बसत. का, म्हणून विचारलं की प्रत्येकाला निराळं उत्तर मिळे. मला म्हणाल्या, खुर्चीत ढेकूण असतात. पाटलीणबाईंना म्हणाल्या, गुडघ्यांना बरं पडतं. तपासनीसांना म्हणाल्या, "सायेब, खुर्चीवर बसलं का मानूस उत्तरं द्याया लागतं. मला सवाल करायचा अस्तो."

सवाल मात्र त्या खरंच करत. एकदा सगळ्या मुलींना घेऊन त्या तलावावर गेल्या, मीही बरोबर होते. बांधावर उभं करून सांगितलं, हे पाणी नळातून मुंबईला जातं, तिथले लोक हेच पितात. मुली खूश झाल्या. मग बाईंनी विचारलं, "तर मंग आपल्या हिरी उन्हाळ्यात का आटतात?" पुढच्या तपासणीत साहेबांनी एका मुलीला भूगोलाचा प्रश्न घातला, तर तिने उलट त्यांनाच हा प्रश्न घातला. साहेब खोकत राहिले. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'मुली धीट आहेत.' बाईंना तो शेरा फार आवडला.

आम्ही दोघी एकाच कॉलेजातून शिकून आलेल्या. कॉलेज म्हटलं की दगडी इमारत डोळ्यांपुढे येते. आमचं कॉलेज मुरबाडच्या अलीकडे, भाताच्या खाचरांच्या मधोमध होतं. एक लांब कौलारू पडवी, मागे विहीर आणि एका टोकाला छोटंसं चॅपल, त्यावर लाकडी क्रूस. सातवीची फायनल पास झालेल्या मुलींना तिथे मास्तरकी शिकवत, म्हणून ते ट्रेनिंग कॉलेज. ते चालवणाऱ्या नन्स जर्मनीच्या. त्यांच्यातल्या मुख्य, त्यांना आम्ही मदर म्हणायचो, जी मराठी बोलत ती विहिरीवर कपडे धुणाऱ्या बायांकडून शिकलेली. पुण्याहून पाहुणे आले की त्या उंच, गोऱ्यापान बाई हात जोडून म्हणायच्या, "बसा ना, आमी तुमची लय वाट बगली." पाहुण्यांना हसावं की नमस्कार करावा ते कळत नसे.

वसईच्या ख्रिस्ती मुली, आमच्यासारख्या कुणबी-आगऱ्यांच्या, महारवाड्यातल्या, केस काढलेल्या दोन-तीन ब्राह्मण विधवा, अशा आम्ही सगळ्या तिथे राहायचो. सकाळी चॅपलमध्ये प्रार्थना असे. आमच्यावर सक्ती नव्हती, पण मागे शांत बसावं लागे. मोठ्या बाई शिकत होत्या तेव्हा त्या तिथेही पाट टाकून बसत, असं त्यांच्या वर्गातल्या मुली सांगत. सगळ्या गुडघ्यांवर, आणि ही एकटी मांडी घालून, डोळे उघडे ठेवून वेदीकडे बघत. एक दिवस प्रार्थना संपल्यावर त्यांनी मदरना सगळ्यांसमोर विचारलं, "माझी आय तुमच्या देवाला मानत नाय. ती नरकात जाईल का?" मदर तशाच निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी या पोरीला विहिरीपाशी गाठलं आणि म्हणाल्या, "मी रातभर विचार केला. मला नाय म्हाईत." त्या दिवसापासून दोघींचं गूळपीठ जमलं. म्हणजे रोज भांडायच्या, पण भांडायला एकमेकींना शोधत यायच्या.

इंग्रजांची जर्मनीशी लढाई सुरू झाली आणि जर्मन म्हणून सरकारने मदरना आणि त्यांच्या सोबतिणींना छावणीत नेलं. कॉलेजात एकच नन उरल्या, वसईच्या सिस्टर. त्या बिचाऱ्या शिकवायच्या, स्वयंपाकावर बघायच्या, घंटाही त्याच वाजवायच्या. हिवतापाने अर्ध्या झालेल्या. दोनेक वर्षं कसंतरी चाललं.

मग बातमी आली. शहापूरच्या बाजारात मी ती ऐकली आणि शाळेत येऊन बाईंना सांगितली. कल्याणचे एक वकील आणि त्यांचे मित्र कॉलेज चालवायला घेणार. मुंबईच्या धर्मगुरूंकडे द्यायला नन्स नाहीत, तेव्हा त्यांचीही ना नाही. क्रूस उतरवायचा, चॅपलमध्ये वाचनालय करायचं, सकाळच्या प्रार्थनेऐवजी देशभक्तीचं गाणं म्हणायचं. बाकी सगळं तसंच.

"पुन्ना बोल," बाई म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं. खरं तर मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आम्ही हिंदू, दिवस असे की खादी न घालणाऱ्यालाही गांधीटोपी बघून उभं राहावंसं वाटे. बाई तर इंग्रजांच्या नावाने सकाळ-संध्याकाळ बोटं मोडायच्या. त्या खूश होतील असंच मी धरून चालले होते. त्या पाटावरून उठल्या, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "ह्ये होता कामा नाय."

का, ते विचारलं तर सांगेनात. मला त्या दिवसापासून त्याच एका गोष्टीने घेरलं. कधी छातीवर क्रुसाची खूण न केलेली, देवाशी वाद घालणारी ही बाई, हिला ते चॅपल कशाला हवं?

कॉलेजच्या जुन्या मुली शहापूर-मुरबाडच्या शाळांतून विखुरलेल्या होत्या. बाई रविवारी पाट घेऊन निघत आणि चालत एकेकीला गाठत. उंबरमाळीच्या जंगलातल्या शाळेत जाऊन आल्या, टोकावड्याला जाऊन आल्या. पण सगळ्यांनी एकत्र भेटायचं कुठे? त्या दिवसांत चळवळीतल्या फरारी लोकांच्या मागावर सिद्धगडाच्या बाजूला पोलीस फिरत होते, चार माणसं जमलेली दिसली की चौकशी. बाईंनी मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा ठरवली. पौषात तिथे बैलांचा बाजार भरतो, अख्खा मुलूख लोटतो. तिथे दहा-पंधरा बाया एका झाडाखाली बसल्या तर कोण विचारणार?

तर आम्ही घोंगड्यांच्या दुकानांमागे बसलो. शेजारी एक व्यापारी बैलाचे दात बघत होता. बाईंनी सगळं सांगितलं, दोनदा. मग मार्था बोलली. मार्था वसईची, आमच्यातली सगळ्यात कडक ख्रिस्ती. तिच्या गळ्यातली माळ कधी निघाली नाही.

"मला रडायला येतं हे आइकून," ती म्हणाली. "पण बाई, तुमाला काय पडलंय? तुमी गुडघे टेकले नाय कधी."

"म्हणून तर. तू मागशील तर बोलतील आपल्या मानसांसाठी मागते. मी मागीन तर इचारतील तरी का मागते म्हणून."

"मंग का मागता? मीच इचारते."

बाईंनी पाट मार्थाकडे वळवला. मग सांगितलं. त्यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. लहानपणी लग्न झालेलं, नवऱ्याने टाकली, सासरच्यांनी नाव वाईट केलं. गावात राहायची सोय उरली नाही. आई त्यांना घेऊन कल्याणला गेली. तिथे बायकांच्या एका आश्रमात त्यांना जात विचारली, नवऱ्याची संमती विचारली आणि परत पाठवलं. दुसरीकडे तसंच. येताना वाटेत कोणीतरी मदरचं नाव सांगितलं. "मदर दारात आली. माझं नाव नाय इचारलं, जात नाय इचारली. बोलली, जेवलीस काय गो? आत नेऊन भात वाढला. शेजारी महाराची पोर जेवत व्हती. माझी आय बघतच राहिली."

"ते मदरचं मन मोठं," कोणीतरी म्हणालं.

"मन नाय," बाई म्हणाल्या. "पयल्या वर्सी चार बापांनी येऊन दम दिला, चुली दोन करा, नायतर पोरी नेतो. मदर बोलली, घर माजं नाय, देवाचं हाय. त्याच्या घरात चूल एकच. न्यायच्या तर न्या. दोघांनी नेल्या. तिला दुसरं बोलताच येत नव्हतं. तो कायदा तिचा असता तर तिनं सोडला असता, पोरी राहाव्या म्हणून. तिचा नव्हता म्हणून टिकला."

मार्था म्हणाली, "म्हणजे तुमाला चूल हवी. मला वेदी हवी. ते एक नाय, बाई."

"नाय एक," बाईंनी लगेच मान्य केलं. "पन एका छपराखाली हायेत."

मार्थाचं समाधान झालं नाही. पण ती आली.

मुंबईहून फादर आणि कल्याणहून वकील यायचे होते त्या दिवशी आम्ही जुन्या मुली कॉलेजच्या पडवीत जाऊन बसलो. वकीलसाहेब सज्जन गृहस्थ होते, आम्हां सगळ्यांना आधी नमस्कार त्यांनी केला. फादर थकलेले, म्हातारे. बाईंनी पाट टाकला आणि काम काय ते सांगितलं, कॉलेज आहे तसं राहू द्या.

फादर मऊ आवाजात म्हणाले, "मुली, देव काय चॅपलमध्येच असतो का? ते गेलं तरी देव जात नाही."

"फादर, पुन्ना बोला."

फादरनी तोंड उघडलं, मागे वळून क्रुसाकडे पाहिलं आणि मिटलं. मार्था तेव्हा पदराआड हसली, ते मी पाहिलं.

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, आम्ही चांगलं ते सगळं ठेवणार आहोत. धर्माचा भाग तेवढा काढायचा. शिक्षणात धर्म कशाला? तुम्ही तर खादी नेसता."

"सायेब, चूल एकच राहील?"

ते खोटं बोलणारे नव्हते. चष्मा काढून पुसत म्हणाले, "राहायला हवी. आमच्या मनात तेच आहे. पण सध्या पालक ऐकायचे नाहीत. सुरुवातीला दोन ठेवाव्या लागतील. पुढे हळूहळू समितीत ठराव करून..."

"समिती बदलली का ठराव बदलंल," बाई म्हणाल्या. "ह्यांचा देव बैठक भरवत नाय."

वकीलसाहेबांना राग आला नाही, उलट ते बाईंकडे नीट बघू लागले. फादरनी विचारलं, की नन्स नाहीत, सिस्टर आजारी, तर शिकवणार कोण? तेव्हा एकेक जुनी मुलगी उठून सांगू लागली. मी सुट्टीत येईन. मी बिनपगारी रजा घेईन. मी हंगामात भात पाठवीन. मार्था म्हणाली, मी नोकरी सोडून येते. वकीलसाहेब निघताना म्हणाले, "फादर, सध्या राहू द्या. आम्हांला दुसरी जागा मिळेल." पुढे त्यांनी कल्याणला खरंच शाळा काढली, आणि चांगली चालवली.

त्यानंतरची कॉलेजची वर्षं आठवली की मला अजून नवल वाटतं. आम्ही पाळ्या लावल्या होत्या. कोणी गणित शिकवून जाई, कोणी शिवण. चॅपलची झाडलोट आम्हीच करायचो. वेदीवर फुलं ठेवताना आमच्यातली एक बाई सवयीने हळदकुंकू वाहून गेली, तर मार्थाने न बोलता ते पुसलं आणि तिला चहा पाजला.

एका पावसाळ्यात आम्हां दोघींची पाळी असताना सिस्टर तापाने आडव्या होत्या, आणि मार्थालाही ताप भरला. सकाळ झाली, मुली चॅपलमध्ये येऊन उभ्या राहिल्या. पुढे कोणीच नाही. मी बाईंना म्हटलं, "आज राहू दे." त्या म्हणाल्या, "एक दीस राहिलं का रोज राहतं." स्वतः जाऊन घंटा वाजवली, पाट दाराशी भिंतीला टेकून ठेवला आणि पहिल्यांदाच वेदीपुढे उभ्या राहिल्या. गुडघे टेकले नाहीत. डोळे मिटले नाहीत. वर बघून आम्हां सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाल्या, "तुजी मानसं तापानं पडल्यात, म्हणून मी आले. तुजं-माजं भांडण मागनं बगू. ह्या पोरी उभ्या हायेत." आणि मग त्यांनी ती रोजची प्रार्थना म्हटली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता, मदर म्हणायच्या त्याच चालीत, त्याच चुकीच्या उच्चारांसकट. आतल्या खोलीतून मार्थाचा रडका आवाज 'आमेन' म्हणाला.

मुली पांगल्यावर मी बाईंना विचारलं, "तुम्हांला खरं वाटतं का यातलं काही?"

"मला नाय म्हाईत," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या.

लढाई संपली. मदर मात्र परत आल्या नाहीत. छावणीतून सुटल्यावर त्यांना परस्पर त्यांच्या देशात पाठवलं, असं कानावर आलं. पुढच्या वर्षी दक्षिणेकडून चार नन्स आल्या. नव्या मदर आपल्या देशातल्याच, सावळ्या, बुटक्या, चष्म्याच्या, शिस्तीच्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी जुन्या मुलींची सभा घेतली. आभार मानले, मनापासून मानले. मग वाचून दाखवलं, की माजी विद्यार्थिनींच्या मंडळात यापुढे ख्रिस्ती बाया राहतील, बाकीच्यांना हितचिंतक म्हणून बोलावलं जाईल. मिस्साच्या प्रार्थनेच्या वेळी चॅपलमध्ये बाप्तिस्मा झालेल्यांनीच बसावं.

मार्था ताडकन उभी राहिली. "मदर, ह्या बाई नसत्या तर आज इथं वाचनालय असतं! त्या बाहेर तर मी पण बाहेर."

"खाली बस गो," मोठ्या बाई म्हणाल्या. "आपण काय मागितलं व्हतं? त्यांचं घर त्यांचं राहू दे. राहिलं. आता घरवाल्यानं कुठलं दार लावायचं ते आपण सांगायचं?"

मार्था रडत खाली बसली. मंडळात ती राहिली, पण बाईंच्या सांगण्यावरून.

परतीच्या वाटेवर नदी ओलांडल्यावर बाई म्हणाल्या, "मला लय वाईट वाटलं." एवढंच. मला वाटलं, संपलं. आता या परत त्या वाटेला जायच्या नाहीत.

पण पुढच्या जूनच्या तोंडावर त्या मला म्हणाल्या, चल. बरोबर एक मुलगी होती, ठाकर आदिवासींच्या पाड्यावरची. आमच्या शाळेतून फायनल झालेली त्या जातीची ती पहिलीच. तिच्या आईबापांना बाईंनी कसं वळवलं असेल ते बाईच जाणोत. पोर अनवाणी, रानातून चालत आलेली. कॉलेजच्या पायरीशी पोचेपर्यंत लंगडायला लागली होती, पण सांगेना.

नव्या मदर दारात आल्या. दाखला मागितला. बाईंनी दिला. वय विचारलं, गाव विचारलं. पोर खाली मान घालून उभी. बाईंचा पाट काखेतच, बसल्याही नाहीत. मी मदरच्या तोंडाकडे बघत होते. तिथे काहीच दिसत नव्हतं. मग मदरची नजर खाली गेली.

"पायाला काय झालं?"

"काटा," पोर पुटपुटली.

मदर पायरीवर बसल्या. पांढऱ्या झग्यानिशी, धुळीत. पोरीचा पाय ओढून मांडीवर घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोक्यावरच्या कापडातली टाचणी काढून काटा कोरायला लागल्या. पोर ओरडली तसं तिला दटावलं, कुठल्या भाषेत कोण जाणे. काटा मोठा होता. निघाला तेव्हा मदरनी तो बोटावर धरून पोरीला दाखवला. पोर हसली. मदर तिच्या खांद्याला धरून उठल्या, आणि आमच्याकडे न बघता तिला घेऊन आत गेल्या. जात त्यांनी विचारलीच नव्हती.

बाई वळल्या आणि निघाल्या, निरोप न घेताच. मी मागून धावत गाठलं. त्यांचा चेहरा पाहिला तर त्या कसल्याशा विचारात पार बुडून गेल्या होत्या. बांध ओलांडला, खाचरं मागे पडली, तरी तसंच. मुरबाडचा रस्ता लागला तेव्हा त्या एकदम थांबल्या.

"ती टाचणी काडली गो तिनं," त्या म्हणाल्या, "तरी डोक्यावरचं कापड पडलं कसं नाय?"

मी म्हटलं, असतील आणखी टाचण्या. ते त्यांना पटलं नाही. मुरबाड येईपर्यंत त्या त्यावरच बोलत होत्या.